औद्योगिक नियंत्रण उपकरणांतील सेवारोध त्रुटी

कारखान्यातील यंत्रे चालवणारे पीएलसी, दूरच्या ठिकाणची यंत्रे हाताळणारे आरटीयू, वीजजाळ्यातील संरक्षक रिले यांसारख्या उपकरणांच्या फर्मवेअरमधील (उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधील) अशी उणीव, जिच्यामुळे नेटवर्कवरून आलेल्या संदेशाने उपकरण गोठते, फॉल्टमध्ये जाते किंवा नव्याने सुरू होते. तंत्रज्ञ हिला ‘डॉस’ (डिनायल ऑफ सर्व्हिस) म्हणतात. वेबसाइट बंद पाडणारा डॉस आणि हा डॉस नावापुरतेच सारखे. वेबसाइट पाडायला बहुधा संदेशांचा पूर लागतो. पीएलसीला अनेकदा एकच वेडेवाकडे पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून येणारा माहितीचा एक तुकडा, पुरते.

पीएलसी दर काही मिलिसेकंदांनी एक फेरी मारतो: इनपुट वाचतो, प्रोग्राम चालवतो, आउटपुट बदलतो. या फेरीला ‘स्कॅन’ म्हणतात. अनेक मॉडेलांत नेटवर्कचे कामही त्याच प्रोसेसरच्या गळ्यात असते. समजा, पॅकेटच्या मथळ्यात लांबी २०० बाइट लिहिली आहे आणि आत आहेत जेमतेम १२. फर्मवेअरने पडताळणी न करता वाचायला घेतले की ते भलत्याच मेमरीत शिरते. स्कॅन अडकतो, वॉचडॉगची (स्कॅन वेळेत संपतो का हे पाहणाऱ्या घड्याळाची) मुदत संपते आणि पॅनेलवर लाल दिवा लागतो. मग आउटपुट शून्यावर जायचे की शेवटच्या स्थितीत राहायचे, हे उपकरणावर आणि त्याच्या सेटिंगवर ठरते. म्हणजे पंप थांबेल किंवा चालूच राहील, आणि यांतले धोकादायक कोणते ते त्या प्रक्रियेलाच विचारावे लागते. ऑपरेटरच्या पडद्यावर मात्र कधीकधी जुनेच आकडे शांतपणे दिसत राहतात. पुष्कळदा उपकरण दुरून उठवता येत नाही. कोणीतरी पॅनेलपाशी जाऊन वीज बंद-चालू करते किंवा चावी फिरवते.

याचे मूळ जुने आहे. मॉडबस हा प्रोटोकॉल (उपकरणांच्या आपसांतील संवादाची नियमावली) १९७९ मधला, सिरियल तारांसाठी केलेला; पुढे तो इंटरनेटच्या टीसीपी पद्धतीच्या ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर (संदेश आत येण्याच्या दारावर) आला, पण संदेश कोणाचा हे विचारण्याची सोय त्यात नव्हती. काही प्रोटोकॉलांत ‘सीपीयू थांबव’ हा अधिकृत आदेशच असतो. त्याला त्रुटी म्हणावे की सुविधा, हा वाद निव्वळ शाब्दिक नाही, कारण सुविधेला पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) येत नाही. शिवाय एकच नेटवर्क-संग्रह (नेटवर्कचे काम करणारा तयार सॉफ्टवेअर-संच) अनेक उत्पादक वापरतात. २०१९ मध्ये व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीच्या नेटवर्क-संग्रहात ११ आणि २०२० मध्ये ट्रेक कंपनीच्या संग्रहात १९ त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा आपल्या उपकरणात तो संग्रह आहे की नाही, हेच आधी शोधावे लागले.

सीमेन्सच्या सिप्रोटेक रिलेंमधील त्रुटी (त्रुटींच्या जाहीर यादीतील क्रमांक सीव्हीई-२०१५-५३७४) हे ठळक उदाहरण. यूडीपी या संदेशपद्धतीच्या ५०००० पोर्टवर विशिष्ट पॅकेट गेले की रिले प्रतिसाद देणे थांबवी आणि हाताने रीस्टार्ट करावा लागे. डिसेंबर २०१६ मध्ये युक्रेनच्या कीव्हमधील वीजजाळ्यावर झालेल्या हल्ल्यातील ‘इंडस्ट्रॉयर’ या घातक सॉफ्टवेअरमध्ये ही त्रुटी वापरणारे साधन होते. रिलेचे काम दोष दिसताच ब्रेकर उघडण्याचे, म्हणजे वीजप्रवाह तोडण्याचे. तोच निपचित पडला तर उपकेंद्र वरवर सुरळीत चालते, फक्त राखणदाराविना.

हल्लेखोर असलाच पाहिजे असे नाही. १९ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात नियंत्रण नेटवर्कवरील अतिरिक्त रहदारीने पंपांचे वेगनियंत्रक बंद पडले, दोन्ही पुनर्अभिसरण पंप थांबले आणि कर्मचाऱ्यांना तिसरी अणुभट्टी हाताने बंद करावी लागली. चालू प्रकल्पात साधे पिंग-स्कॅन (नेटवर्कवर कोणती उपकरणे आहेत ते हाक देऊन पाहणे) केल्याने नऊ फुटी रोबोटिक हात अचानक १८० अंशांत फिरल्याची नोंद अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक-संस्थेच्या मार्गदर्शिकेत आहे.

फर्मवेअर बदलायला प्रकल्प थांबवावा लागतो, म्हणून पॅच पुढच्या शटडाउनची वाट पाहतो. तोवर नेटवर्कचे विभाग पाडणे, नको ती पोर्ट बंद ठेवणे आणि रहदारीला मर्यादा घालणे हेच हाती असते. त्रुटीची तीव्रता दहापैकी गुणांत मांडणाऱ्या सीव्हीएसएस गुणांकनाचा इथे फारसा उपयोग नाही. दुरून, सहज, पासवर्डविना केवळ उपलब्धता पूर्णपणे हिरावणाऱ्या त्रुटीला त्याच्या ३.१ आवृत्तीत मूळ गुण ७.५ मिळतात, मग पडणारी वस्तू छपाईयंत्र असो की संरक्षक रिले.