डीएनएचा रिपोर्ट आणि गड्ड्याची यात्रा

घटस्फोट होऊन दोन वर्षं झालेली, मुलाची पोटगी चालू, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ‘मूल तुमचं नाही’ सांगणारा खासगी लॅबचा डीएनए रिपोर्ट. सोलापुरात अशी फाइल घेऊन येणाऱ्या पक्षकाराला वाटतं, आता काय, एका तारखेत निकाल. वकील मात्र रिपोर्ट बाजूला सारतो आणि भलतंच विचारतो : ‘त्या वर्षी गड्ड्याला घरी आला होतात का?’

प्रश्न चेष्टेचा नाही. भिवंडीत मागावर काम करणारा माणूस एरवी येवो न येवो, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याला, येतोच. १४ जानेवारीपासून २८० दिवस मोजले की २१ ऑक्टोबर उजाडतो. मूल त्या सुमाराचं असेल, तर कायद्याच्या लेखी बाप कोण हे जवळपास ठरलेलंच.

हा २८० आकडा १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमातला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी मसुदा केलेल्या त्या कायद्याचं कलम ११२ सांगतं : वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल औरसच, म्हणजे त्या नवऱ्याचंच. त्यातून सुटायला वाट एकच. गर्भधारणेच्या काळात पतिपत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध करायचं. म्हणजे प्रश्न रक्ताचा नाही, मुक्कामाचा. त्या काळी रक्ताचा पुरावा नव्हताही. रक्तगटांचा शोध विसाव्या शतकाच्या तोंडावर लागला.

तसं हे साहेबाचंच डोकं म्हणता येणार नाही. बीज मोठं की क्षेत्र (शेत, म्हणजे आई), हा वाद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहेच : दुसऱ्यांच्या गायींना वळूपासून शंभर वासरं झाली तरी ती गायवाल्यांचीच.

१९८४मध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचे ठसे सापडले. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत लालजी सिंह यांनी ते तंत्र उभं केलं. रक्तगट फार तर ‘हा बाप नव्हे’ एवढं सांगे, तेही नशीब असेल तर. डीएनए दोन्ही बाजूंनी बोलू लागला. कोर्ट मात्र हललं नाही. रक्तचाचणी ऊठसूट मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्ये बजावलं होतंच; २००१मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं, डीएनएचा निष्कर्ष खरा असला तरी तेवढ्याने कलम ११२ मोडत नाही.

तडा गेला तो नागपूरच्या प्रकरणात, २०१४मध्ये. पोटगीच्या त्या वादात कोर्टाच्याच आदेशाने चाचणी झाली. नागपूरच्या प्रयोगशाळेने पितृत्व नाकारलं, आईच्या मागणीवरून फेरतपासणी झाली, तर हैदराबादनेही तेच सांगितलं. गृहीतक आणि विज्ञान समोरासमोर आले तर विज्ञान वरचढ, असं म्हणत न्यायालयाने मुलीची पोटगी थांबवली. दिलेले पैसे मात्र परत मागायचे नाहीत. फोल्डरवाले पक्षकार याच निकालाची झेरॉक्स घेऊन येतात.

पुढचं ते वाचत नाहीत. २०२३च्या पुण्याच्या प्रकरणात नवऱ्याकडे असाच खासगी रिपोर्ट होता. खालच्या दोन्ही कोर्टांनी मुलाच्या चाचणीचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला : बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला मूल वापरू नका. जानेवारी २०२५चा केरळचा निकाल तर घटस्फोटानंतरचाच. आईने पालिकेत वडिलांच्या नावाच्या जागी दुसऱ्या पुरुषाचं नाव मागितलं, मग मुलाने त्याच्याकडे पोटगी मागितली. दोन दशकांच्या कज्ज्यानंतर उत्तर मिळालं : औरसत्व ठरलं तिथे पितृत्वही ठरलं, बाप आईचा तेव्हाचा नवराच. १ जुलै २०२४पासून नवा साक्ष अधिनियम आला. कलम ११२चं ११६ झालं, २८० दिवस तसेच राहिले.

मुलाच्या बाजूने पाहिलं तर मला हा हट्ट पटतो. पण लग्नाच्या काळात खरोखर फसवल्या गेलेल्या माणसाला, केवळ एकाच छपराखाली राहत होता म्हणून, दार बंद होतं. त्याचं समाधानकारक उत्तर मला तरी कुठल्या निकालात सापडलेलं नाही.

आणि आपल्याकडचे बरेच घटस्फोट परस्पर संमतीचे. तो जुना अर्ज वकील कपाटातून काढतो. दुसऱ्या पानावर ओळ असते : ‘सदर विवाहसंबंधातून उभयतांस एक अपत्य झाले आहे.’ खाली पक्षकाराची स्वतःची सही.