बॉनव्हिल : ट्रायम्फ मोटरसायकलचे पुनरुज्जीवन

बॉनव्हिल : ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची दोन सिलिंडरांची मोटरसायकल. चाहत्यांच्या तोंडी ‘बॉनी’. १९५९ सालासाठी इंग्लंडमधील मेरिडन येथे पहिल्यांदा तयार झाली. कंपनी १९८३ मध्ये बुडाली. मालक आणि कारखाना बदलून त्याच नावाची नवी गाडी २००० मध्ये पुन्हा बाजारात आली. जुन्या वळणाच्या, म्हणजे ‘रेट्रो’, मोटरसायकलींचा विषय निघाला की हिचे उदाहरण हटकून दिले जाते. नव्या मालकाने मात्र जुने रूप लगेच विकायला काढले नव्हते. ते सर्वांत शेवटी आले, आणि ट्रायम्फ टिकली त्याचे बरेचसे श्रेय या उशिराला जाते.

मूळ गाडी

अस्सल ब्रिटिश मानले जाणारे ‘ट्रायम्फ’ हे नाव ठेवले एका जर्मन माणसाने. न्यूरेंबर्गचा सीगफ्रीड बेटमान १८८३ मध्ये लंडनला आला आणि सायकलींच्या व्यापारात पडला. युरोपातल्या कोणत्याही गिऱ्हाइकाला कळेल असे नाव त्याला हवे होते. पुढे कॉव्हेंट्रीत कारखाना निघाला आणि १९०२ मध्ये पहिली मोटरसायकल बाहेर पडली. तिचे इंजिन बेल्जियमच्या मिनर्व्हा कंपनीचे होते.

ज्या इंजिनामुळे ट्रायम्फ घरोघरी पोचली ते १९३७ मधले. एडवर्ड टर्नर या अभिकल्पकाने ‘स्पीड ट्विन’ नावाच्या ४९८ सीसी गाडीत दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे केले. एका सिलिंडरच्या इंजिनापेक्षा ते फारसे रुंद नव्हते, पण धावायला कितीतरी मऊ होते. पुढली तीस वर्षे बहुतेक ब्रिटिश कंपन्यांनी याच मांडणीची नक्कल केली. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढली, त्यात ट्रायम्फचा कारखानाही गेला. नवा कारखाना १९४२ मध्ये शहराबाहेर मेरिडनला उभा राहिला. १९५१ मध्ये कंपनी बीएसए या मोठ्या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली.

बॉनव्हिल हे नाव अमेरिकेतले आहे. यूटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. तिथे १९५६ मध्ये जॉनी ॲलन याने ट्रायम्फचे ६५० सीसी इंजिन बसवलेले सिगारच्या आकाराचे वाहन ताशी २१४ मैलांच्या (सुमारे ३४५ किमी) वेगाने पळवले. मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने हा विक्रम मान्य केला नाही. ट्रायम्फला त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने तो केव्हाच मान्य केला होता. १९५९ च्या नव्या ६४९ सीसी गाडीला त्या मैदानाचे नाव मिळाले. तिच्यावर दोन कार्ब्युरेटर होते आणि टी१२० या क्रमांकातून ताशी १२० मैलांचा दावा सुचवलेला होता. साठच्या दशकात मेरिडनच्या उत्पादनाचा मोठा वाटा जहाजाने अमेरिकेला जात असे.

मेरिडनचा शेवट

१९६९ मध्ये होंडाची सीबी७५० आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबले की चालू. बॉनव्हिलला सेल्फ-स्टार्ट मिळायला १९८० उजाडले, यावरून अंतराची कल्पना यावी. तेलगळतीची तक्रार तर इंग्लंडमध्ये विनोदाचा विषय झाली होती. तिचे एक कारण रचनेत होते. ब्रिटिश इंजिनाचे क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची पेटी, उभे दुभागलेले असे; दोन अर्धुके एकमेकांना जोडली की सांधा थेट तळापर्यंत, म्हणजे तेलात उतरत असे. जपानी कंपन्या क्रँककेस आडवे दुभागत, त्यामुळे सांधा तेलाच्या पातळीच्या वर राही. दुसरी तक्रार थरथरीची. जुन्या बॉनव्हिलचे दोन्ही पिस्टन एकदमच वर जात आणि एकदमच खाली येत. स्फोट आलटून पालटून होत असल्याने आवाज सरळ, एकसारखा येई. पण दोन्ही पिस्टनचे वजन एकाच दिशेने हेलकावत असल्याने वेग वाढला की हँडल, पायटेक आणि चालकाचे दात एकत्र वाजत.

बीएसए समूह १९७३ मध्ये कोसळला. सरकारच्या मध्यस्थीने नॉर्टन ही दुसरी ब्रिटिश कंपनी आणि ट्रायम्फ एका छत्राखाली आल्या, आणि नव्या व्यवस्थापनाने मेरिडन बंद करण्याचे जाहीर केले. कामगारांनी फाटक अडवून कारखाना ताब्यात घेतला. हा ठिय्या दीड वर्ष चालला. अखेर मजूर पक्षाच्या सरकारातले उद्योगमंत्री टोनी बेन यांच्या पाठबळाने, सरकारी कर्ज घेऊन, १९७५ मध्ये कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. सुरुवातीला सर्वांना सारखाच पगार होता. सहकाराच्या मार्गाने उभे राहिलेले आणि नंतर बसलेले कारखाने महाराष्ट्राने बरेच पाहिले आहेत, त्यामुळे पुढची हकीकत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. हाताला काम होते आणि मालावर जीवही होता. नवे इंजिन घडवायला लागणारे भांडवल मात्र नव्हते. ७४४ सीसीपर्यंत वाढवलेली तीच जुनी गाडी रंग आणि पट्टे बदलून विकत राहण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. १९८३ मध्ये संस्थेचे दिवाळे निघाले. कारखाना पाडला गेला आणि त्या जागी घरे झाली. वसाहतीतल्या एका गल्लीला ‘बॉनव्हिल क्लोज’ असे नाव आहे.

ब्लोर आणि हिंक्ली

ट्रायम्फचे नाव आणि उत्पादनाचे हक्क जॉन ब्लोर यांनी विकत घेतले. हे डर्बीशरच्या खाणकामगाराचे चिरंजीव. पंधराव्या वर्षी शाळा सोडून गिलाव्याच्या कामाला लागले आणि पुढे घरे बांधून श्रीमंत झाले. मोटरसायकलच्या धंद्यात त्यांना कुणी ओळखत नव्हते. अशा माणसाने जुने नाव घेतले की पुढे काय होते याचा एक ठरलेला नमुना आहे : टी-शर्ट, किल्लीच्या साखळ्या, टाकीवर जुना बिल्ला चिकटवलेली उसनवारीची गाडी, आणि दोन वर्षांत पुन्हा दिवाळे.

ब्लोर यांनी जुनी बॉनव्हिल बनवण्याचा परवाना डेव्हनमधील न्यूटन ॲबट येथे सुटे भाग विकणाऱ्या लेस हॅरिस यांना दिला. तिथे १९८५ ते १९८८ या काळात थोड्या संख्येने गाड्या तयार झाल्या. नाव बाजारातून पुसले जाऊ नये, एवढा त्याचा उपयोग. या काळात ब्लोर यांचे लोक जपानचे कारखाने पाहून आले आणि लेस्टरशरमधील हिंक्ली गावी नवा कारखाना उभा राहू लागला.

सप्टेंबर १९९० मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात ट्रायम्फच्या सहा नव्या गाड्या मांडल्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची विक्री सुरू झाली. त्यांत दोन सिलिंडरांची एकही गाडी नव्हती, बॉनव्हिल तर नव्हतीच. तीन किंवा चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारी इंजिने. पैसा वाचवण्याची एक युक्ती इथे पाहण्यासारखी आहे. सगळ्या इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास ७६ मिमी हा एकच होता. पिस्टनची धाव ५५ किंवा ६५ मिमी आणि सिलिंडर तीन किंवा चार, एवढाच फेरफार करून ७५०, ९००, १००० आणि १२०० अशी चार मापांची इंजिने निघाली. पिस्टनपासून किती तरी भाग सामाईक. या गाड्या दिसायला तशा नेमस्त होत्या आणि वजनाला भारी, पण त्यांच्याखालच्या फरशीवर तेलाचे डाग पडत नव्हते. ट्रायम्फचे नाव असलेल्या गाडीबाबत हीच मोठी बातमी होती.

जुन्या रूपाकडे पहिले पाऊल १९९४ च्या शेवटी पडले. १९९५ साठीची ‘थंडरबर्ड’ गोल टाकी, तारांची चाके आणि क्रोम घेऊन आली, पण तिच्यात तीन सिलिंडरांचे ८८५ सीसी इंजिन होते. तिच्यासोबतच कंपनी अमेरिकेत परतली. खरी बॉनव्हिल सप्टेंबर २००० मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात दिसली, ब्लोर यांनी नाव घेतल्यापासून सतरा वर्षांनी.

जुना चेहरा, नवे पोट

२००० ची गाडी ७९० सीसीची. दोन उभे सिलिंडर, वाऱ्याने व तेलाने थंड होणारे, दोन्ही पिस्टन जुन्यासारखेच एकत्र वर-खाली जाणारे. थरथर मारण्यासाठी मात्र आत समतोल राखणारे दोन दांडे फिरत होते. जुन्या इंजिनात सिलिंडरशेजारी उभ्या नळ्यांमधून झडपा ढकलणाऱ्या काड्या असत. नव्यात वर झडपा उघडणारे दोन दांडे (कॅमशाफ्ट) आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा. जुन्या जाणत्यांनी नाक मुरडायला एक जागा लगेच शोधली : चेन डावीकडून उजवीकडे गेली होती. किक नव्हतीच. गिअर मात्र उजव्या पायाखालून डाव्या पायाखाली मेरिडनच्या काळातच, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, अमेरिकन नियमामुळे आलेला होता. उजव्या पायाचा गिअर म्हणजे काय हे आपल्याकडे जुनी बुलेट चालवलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मार्च २००२ मध्ये हिंक्लीच्या कारखान्याला मोठी आग लागली. काही महिन्यांत उत्पादन पुन्हा सुरू झाले. इंजिन पुढे ८६५ सीसीचे झाले. त्यानंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली, तेव्हा ट्रायम्फच्या अभिकल्पकांपुढे अडचण उभी राहिली. बॉनव्हिलचा बाजूने फोटो काढला की नजर आधी कार्ब्युरेटरवर जाते. तोच गेला तर चेहऱ्यावरचे नाक गेले. म्हणून नव्या यंत्रणेला कार्ब्युरेटरचाच आकार दिला गेला. तिच्यावर ओढायची खुंटीही ठेवली, जी थंड इंजिनाचे फेरे थोडे वाढवते. चोक ओढायची सवय असलेल्या हाताला तेवढेच समाधान.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर झालेल्या पिढीत ही लपाछपी कळसाला पोचली. इंजिने ९०० आणि १२०० सीसीची, पाण्याने थंड होणारी. तरीही सिलिंडरवर वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनासारख्या धातूच्या पातळ पट्ट्या (फिन) आहेत. रेडिएटर चिंचोळा करून चासीच्या पुढच्या दोन नळ्यांच्या मध्ये दडवला आहे. सर्वांत नामी करामत सायलेन्सरच्या नळीत आहे. इंजिनातून निघालेली चकचकीत नळी सलग मागे गेलेली दिसते. प्रत्यक्षात धूर वाटेत आतल्या आत वळून इंजिनाच्या पोटाखाली लपवलेल्या डब्यात शिरतो, तिथे शुद्ध होतो आणि परत येऊन मागच्या नळीला लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला सांधा दिसत नाही. या पिढीच्या १२०० सीसीच्या टी१२० चा जोर मिनिटाला ३१०० फेऱ्यांनाच १०५ न्यूटन-मीटर होता, म्हणजे गिअर न बदलता रमतगमत जाणाऱ्याची सोय पाहिलेली आहे.

आवाजाच्या बाबतीत मात्र इतिहासाशी प्रामाणिकपणा सोडला आहे. नव्या इंजिनात दोन पिस्टनमध्ये २७० अंशांचे अंतर आहे. स्फोट समान अंतराने होत नाहीत. एक ठोका लगेच पडतो आणि दुसरा रेंगाळून, त्यामुळे आवाज व्ही आकाराच्या इंजिनासारखा अडखळता, घोगरा येतो. मेरिडनची बॉनव्हिल अशी कधीच वाजली नव्हती. ऐकणाऱ्यांना हाच आवाज ‘जुना’ वाटतो. जिचे आठवण म्हणून कौतुक होते ती गोष्ट पुष्कळदा अशी नव्याने घडवलेली असते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ट्रायम्फने इथे चूक केली नाही. मूळचा सरळ आवाज मूळच्या थरथरीसकट घ्यायला फारसे कोणी तयार झाले नसते.

भारताशी संबंध

जुन्या ब्रिटिश मोटरसायकल कंपन्यांपैकी बऱ्याच जणींचा पत्ता आता भारतीय आहे. रॉयल एनफिल्ड १९५५ पासून मद्रासमध्ये बनत राहिली, त्यामुळे तिला पुनरुज्जीवनाची गरज पडली नाही. बीएसए २०१६ मध्ये महिंद्र समूहातील क्लासिक लेजंड्सकडे आली आणि नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसकडे गेली. ट्रायम्फची मालकी ब्लोर कुटुंबाकडेच राहिली. तिच्या मोठ्या इंजिनांच्या बहुतेक गाड्या मात्र आता थायलंडमध्ये तयार होतात.

ट्रायम्फ भारतात नोव्हेंबर २०१३ मध्ये आली तेव्हा बॉनव्हिलची किंमत दिल्लीच्या शोरूममध्ये ५.७ लाख रुपये होती. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बजाज ऑटोशी भागीदारीची औपचारिक घोषणा झाली. तिचे फळ म्हणजे जुलै २०२३ मध्ये २.३३ लाख रुपयांना विक्रीस आलेली ‘स्पीड ४००’. आखणी हिंक्लीची, उत्पादन बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. भारतातली विक्रीही बजाजकडे. इंजिन एका सिलिंडरचे, ३९८ सीसी, ४० अश्वशक्तीचे. तेही पाण्याने थंड होते, आणि त्याच्याही सिलिंडरवर तशाच पट्ट्या आहेत. नावातला ‘स्पीड’ हा शब्द टर्नरच्या १९३७ च्या गाडीपर्यंत मागे जातो. बॉनव्हिल हे नाव मात्र चाकणच्या गाडीला दिलेले नाही. ते अजून दोन सिलिंडरांसाठी राखून ठेवले आहे.