दहा गाईंचं ते गणित खोटं आहे

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-उमरेडकडच्या पोरांच्या मोबाईलवर एक हिशोब वर्षानुवर्षं फिरतोय: दहा गाई, गाईमागे रोज पंधरा लिटर दूध, लिटरला 35 रुपये भाव, म्हणजे रोजचे 5250 रुपये. त्या भरवशावर लोक कर्ज काढतात, म्हणून हे लिहितोय.

भाव क्षणभर मान्य करू. पण पंधरा लिटर हे गाय विकताना दाखवलेलं, ऐन भरातलं दूध. गाय व्याल्यावर दीड-दोन महिन्यांत दुधाचा कळस येतो, मग ते उतरत जातं. ढोबळ नियम असा की कळसाच्या दोनशेपट दूध एका वेतात (एकदा व्याल्यापासून दूध आटेपर्यंत) मिळतं, म्हणजे इथे 3000 लिटर. पुढचं वेत चारशे दिवसांनी आलं, तर रोजची सरासरी साडेसात लिटर. निम्मीच! भाकड काळात दूध नाही, पण कुटार (सुका भुसा) आणि ढेप (पेंड) लागतेच. खर्चाचा मोठा वाटा चारा-खुराकाचाच असतो. घरचं हिरवं वैरण नसेल तर तो आणखी फुगतो.

त्यात आपला उन्हाळा. पारा 45 च्या आसपास गेला की होल्स्टीन गाय धापा टाकते, चारा कमी खाते आणि माज (गाभण राहण्याची वेळ) नीट दाखवत नाही. एक माज हुकला की पुढच्या माजापर्यंत साधारण 21 दिवस गेले, खाणं मात्र चालूच.

धंदा तोट्याचाच आहे असं मुळीच नाही. गाय घेताना आजचं दूध मोजा, पण मागच्या दोन वेतांच्या तारखाही विचारा, म्हणजे त्यांतलं अंतर कळेल. त्या सांगता येत नसतील तर भाव पाडून मागा.