दुसऱ्या देशातून माल आणताना : भाव, दाखला आणि तारखा

लोहार चाळ, नागदेवी आणि मसजिद बंदरच्या आयातदार ग्राहकांसाठी

सगळा माल एकाच देशातल्या एकाच कारखान्याकडून घेणं आता धोक्याचं झालं आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालवा सहा दिवस बंद पडला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपहून येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. दरम्यान २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिराती आणि ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार लागू झाले; आसियान (आग्नेय आशियातल्या) देशांशी तो २०१० पासूनच आहे. त्यामुळे चीनच्या जोडीला व्हिएतनाम, थायलंड, दुबई असे पर्याय शोधले जाताहेत, आणि शोधायलाच हवेत. फक्त कोटेशनचा भाव बघून ठरवू नका. माल गोदामात कितीला पडतो ते आधी काढा.

हिशोब मांडून बघू

समजा, चीनचा एफओबी भाव (माल तिथल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा) १०,००,००० रुपये. भाडं ६०,०००. विम्याचा खरा आकडा हाताशी नसेल तर कस्टम्स एफओबीच्या १.१२५ टक्के धरतं, म्हणजे ११,२५०. एकूण १०,७१,२५०. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरलं तर १,०७,१२५ आणि त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १०,७१३. माल पडला ११,८९,०८८ रुपयांना. (आयजीएसटी म्हणजे आयातीवरचा जीएसटी; त्याचं क्रेडिट मिळतं म्हणून तो इथे धरलेला नाही, पण तेवढी रक्कम माल सोडवताना हातात लागते, हे विसरू नका.)

व्हिएतनामचा भाव ८ टक्के चढा आहे : १०,८०,०००. भाडं तेवढंच, विमा १२,१५०. तुमच्या मालाच्या एचएस कोडवर (कस्टम्सच्या वर्गवारीतला मालाचा क्रमांक) कराराखाली शुल्क शून्य असेल तर माल पडतो ११,५२,१५० ला. महाग वाटणारा माल जवळपास ३७ हजारांनी स्वस्त.

पण मूळ देशाचा दाखला (माल करारातल्या देशातच बनला याचं प्रमाणपत्र) नामंजूर झाला, तर त्याच मालावर १,२६,७३७ रुपये शुल्क आणि अधिभार चढतो आणि तो चीनच्या मालापेक्षा सुमारे ९० हजारांनी महाग पडतो. या शुल्काची मागणी माल सुटल्यानंतर निघाली तर वर १५ टक्के वार्षिक व्याज. सगळा फायदा त्या एका कागदावर उभा आहे.

दाखला कुठे अडतो

माल व्हिएतनामच्या बंदरातून निघाला म्हणून तो व्हिएतनामचा ठरत नाही. आसियान कराराच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांत तयार झालेलं असावं लागतं आणि कच्च्या मालाचा सहा अंकी एचएस कोड तयार मालात बदललेला असावा लागतो. चीनचे सुटे भाग आणून फक्त जोडले किंवा खोकी बदलली, तर हे बसत नाही.

आणि हे पटवून देण्याची जबाबदारी पुरवठादाराची नाही, तुमची आहे. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या कॅरोटार नियमांप्रमाणे (करारातल्या सवलतीसाठी मालाचं मूळ तपासण्याचे नियम) फॉर्म १ मधली, म्हणजे माल कुठे आणि कशापासून बनला ही माहिती आयातदाराकडे असायलाच हवी. कस्टम्सने मागितली की दहा कामकाजाच्या दिवसांत द्यायची आणि पाच वर्षं जपून ठेवायची. पैसे पोहोचल्यावर कारखाना कच्च्या मालाचा तपशील द्यायला टाळाटाळ करतो, म्हणून तो आगाऊ रक्कम पाठवण्याआधीच घ्या. दाखल्याचा मसुदाही जहाज सुटण्यापूर्वी आम्हाला दाखवा. इनव्हॉइसवर एक कोड आणि दाखल्यावर दुसरा, ही चूक सर्रास होते आणि माल बंदरात पडून राहतो.

बीआयएस परवाना

बीआयएस म्हणजे मालाच्या दर्जाची मानकं ठरवणारी सरकारी संस्था. तिचा परवाना ब्रँडला नाही, ठरावीक पत्त्यावरच्या कारखान्याला मिळतो. खेळण्यांना तो १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. त्याच कंपनीने उत्पादन दुसऱ्या देशातल्या शाखेत हलवलं, तर जुना परवाना तिथे चालत नाही. ऑर्डर देण्याआधी परवान्यावरचा पत्ता आणि पॅकिंग लिस्टवरचा उत्पादकाचा पत्ता ओळ न ओळ ताडून पाहा.

तारखा

बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं विवरण) जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावी लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. चीनहून माल यायला वेळ लागायचा, तेवढ्यात कागद पोहोचायचे. दुबईच्या जेबेल अली बंदराहून जहाज मोजक्या दिवसांत न्हावा शेव्याला येतं आणि कागद मागे राहतात. जवळच्या देशातून घेताना इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीने माल घेतल्याच्या पावतीची) प्रत जहाज सुटेल त्याच दिवशी मागवा.

नव्या कारखान्याची तपासणी

२,००० नगांच्या लॉटमधून, नमुना तपासणीच्या ठरलेल्या तक्त्यातल्या सर्वसाधारण पातळी २ प्रमाणे, १२५ नग काढतात. २.५ ची मर्यादा (एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची पातळी) ठरवली असेल तर मोठे दोष असलेले ७ नग निघेपर्यंत लॉट पास, ८ निघाले की नापास. नग कारखान्याच्या माणसाने नाही, तपासनीसाने स्वतः बंद खोक्यांमधून उचलायचे. उरलेली ७० टक्के रक्कम हा अहवाल हातात आल्यावरच सोडा. लाकडी पॅलेटवर कीड मारणाऱ्या उष्णताप्रक्रियेचा शिक्का (५६ अंश, ३० मिनिटं) आहे का, त्याचा फोटो त्याच वेळी मागून घ्या. लहान कारखाने नेमकं हेच विसरतात.

आणि पैसे पाठवण्यापूर्वी : ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा ईमेल आला तर तो पुरवठादाराच्याच पत्त्यावरून आलेला दिसला तरी थांबा. त्या ईमेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा, ओळखीच्या माणसाशी बोला आणि खात्याचे आकडे त्याच्या तोंडून ऐका.