मातीचे धरण : सुरक्षितता आणि सहलींचा वापर (पुणे परिसर)

चिकणमाती, मुरूम आणि दगड थराथराने पसरून, पाणी मारून आणि रोलरने दाबून जो बांध उभा करतात त्याला मातीचे धरण म्हणतात. भारतातली बहुसंख्य मोठी धरणे याच प्रकारची आहेत आणि देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. पुणेकरांच्या सर्वांत ओळखीचे मातीचे धरण म्हणजे पानशेत. राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यात आंबी नदीवरचे हे धरण शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. त्याची उंची सुमारे ६३.५ मीटर, लांबी एक किलोमीटरहून थोडी जास्त आणि उपयुक्त साठा १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). तानाजीसागर हे त्याचे अधिकृत नाव सरकारी कागदाबाहेर फारसे ऐकू येत नाही. शेजारच्या मोसी नदीवर वरसगाव धरण आहे. या दोन्हींचे पाणी खाली खडकवासला धरणात येते आणि तिथून शहराच्या नळाला आणि कालव्याला जाते. सिंहगड रस्त्याने पानशेतला जाणारी रविवारची गर्दी याच पाण्याच्या काठाने पुढे सरकत असते.

रचना

दख्खनच्या पठारावर अशा धरणाचा गाभा सहसा काळ्या चिकण मातीचा असतो, कारण ती पाणी धरते. दोन्ही बाजूंना मुरुमाचे आवरण असते, ते भिंतीला वजन आणि आधार देते. गाभ्याखाली पक्का थर लागेपर्यंत चर खणून तोही चिकण मातीने भरतात, म्हणजे पाणी पायाखालून वाट काढत नाही. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार झेलण्यासाठी दगडांचे पिचिंग असते, मागच्या उतारावर हरळी. पायथ्याशी पाझराचे पाणी गोळा करणारी नाली असते.

पाझर हा इथे दोष नाही. मातीचे धरण थोडे पाझरतेच, तसे ते बांधलेलेच असते. प्रश्न असतो तो पाणी किती आणि कसे येते याचा. नालीत व्ही आकाराची खाच असलेली पत्र्याची पाटी बसवलेली असते आणि खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची नोंदवहीत लिहिली जाते. तलाव भरताना पाझर वाढला तर ते अपेक्षित असते. तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला किंवा स्वच्छ पाणी गढूळ झाले, तर ती धोक्याची खूण. गढूळ पाणी म्हणजे धरणाच्या पोटातली माती कणाकणाने बाहेर येते आहे. आत नळीसारखी पोकळी तयार होऊन मागे मागे सरकत तलावापर्यंत पोचली, की मग फार वेळ हातात राहत नाही. २०१६ मध्ये टेमघर धरणातून पाण्याच्या धारा उडताना लोकांनी पाहिल्या. ते दगडी-काँक्रीट धरण होते म्हणून ग्राउटिंग करून, म्हणजे भिंतीतल्या फटींत सिमेंटचे मिश्रण दाबाने भरून, गळती आटोक्यात आणायला अवधी मिळाला. तेवढ्या धारा मातीच्या भिंतीतून उडाल्या असत्या, तर तो अवधी मिळणे अवघड होते.

माथ्यावरून पाणी जाणे हा दुसरा मोठा धोका. लोणावळ्याच्या भुशी धरणावर पर्यटक पायऱ्यांवर बसून अंगावर पाणी घेतात. ते धरण दगडी आहे, पाणी वरून ओसंडले तरी भिंत टिकते. मातीच्या धरणाला ही चैन परवडत नाही. त्याचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, वेगळा, पक्का आणि पुरेसा मोठा असावा लागतो. तलावाची कमाल पातळी आणि धरणाचा माथा यांच्यात काही मीटरचे अंतर राखलेले असते, ते लाटांसाठी आणि हिशेब चुकलाच तर त्यासाठी. माथा कुठे खचला तर नेमके हेच अंतर खाल्ले जाते.

१२ जुलै १९६१

पानशेतमध्ये हेच घडले. धरणाचे काम पुरते झालेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. विमोचकाचे, म्हणजे धरणाच्या तळातून पाणी सोडण्याच्या नळाचे, काम अपुरे होते. दरवाजे नीट बसलेले नव्हते आणि नळाच्या कमानीत लोखंडी सळ्या घातलेल्या नव्हत्या. अर्धवट उघड्या वाटेतून जोरात धावणाऱ्या पाण्याने नळ हादरू लागला, त्याच्यावरचा मातीचा भराव बसू लागला आणि माथा खाली गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी पाणी खचलेल्या जागेवरून वाहू लागले आणि धरण फुटले.

पुढच्या काही तासांत त्याच पाण्याने दोन जातींच्या भिंतींची परीक्षा घेतली. मातीचा भराव पाण्याने भराभर कापून नेला. खाली खडकवासल्याची १८७९ सालची दगडी भिंत माथ्यावरून पाणी वाहत असतानाही काही तास उभी होती, मग तीही फुटली. या अवधीत नदीकाठच्या पेठांतल्या अनेकांना घर सोडता आले. नारायण, शनिवार, कसबा आणि डेक्कन जिमखान्याच्या सखल भागात पाणी शिरले. गोखलेनगर, सहकारनगर या भागांतल्या पूरग्रस्त वसाहती या पुरानंतर उभ्या राहिल्या. पानशेत पुन्हा बांधले गेले आणि १९७२ च्या सुमारास पूर्ण झाले. म्हणजे आज जे धरण दिसते त्याचेही वय पन्नाशीपलीकडे आहे. पक्के बांधकाम आणि माती जिथे एकमेकांना भिडतात, म्हणजे विमोचकाभोवती आणि सांडव्याच्या भिंतीलगत, तिथे तपासणीत आजही सर्वांत आधी पाहिले जाते.

सहलींचा भिंतीवर होणारा परिणाम

धरणावर माणसे चालली म्हणून धरण फुटत नाही. पाषाण तलावाच्या बांधावर सकाळी फिरणारे आणि दुर्बीण घेऊन पक्षी पाहणारे बांधाचे काही बिघडवत नाहीत. उलट रोज तीच भिंत पाहणाऱ्या माणसाला नवा ओलावा चटकन दिसतो. नुकसान होते ते किरकोळ वाटणाऱ्या सवयींनी. माथ्यावरून खाली उतरायला लोक जवळची वाट धरतात. हरळी तुडवली जाऊन पायवाट पडते, पहिल्या मोठ्या पावसात तिची ओघळ होते आणि दोन पावसाळ्यांत गुडघाभर घळ. चुलीसाठी तीन दगड हवे असतात, ते पिचिंगमधून सुटे करून घेतले जातात. दगड निघालेल्या खळग्यात लाट मुरते, खालची बारीक खडी धुपते, आजूबाजूचे दगड सैल होतात आणि एका मटणाच्या बेतासाठी काढलेल्या तीन दगडांची जागा सप्टेंबरपर्यंत हातभर रुंद झालेली असते. उरलेल्या खरकट्यावर उंदीर आणि घुशी येतात आणि उतारात बिळे करतात.

खेकड्यांचा उल्लेख इथे टाळता येत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटून खालची वस्ती वाहून गेली आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. राज्यभर त्याची टिंगल झाली. प्राण्यांच्या बिळांनी मातीचा बांध कमजोर होतो यात मुळीच विनोद नाही. पण बीळ काही एका रात्रीत होत नाही, ते वेळेत बुजवायचे असते, आणि तिथल्या गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केलेल्या होत्या.

सद्भावनेने होणारे नुकसान म्हणजे वृक्षारोपण. बांधाच्या उतारावर झाड नको. मुळे ओलाव्याच्या शोधात आत जातात, झाड वठले की कुजलेल्या मुळाची पोकळी पाण्याला आयती वाट देते आणि दाट झाडोऱ्यात पाझर दिसतच नाही. म्हणून घाणेरी आणि बाभळी काढून उतार उघडा ठेवतात. तो बोडका दिसतो म्हणून हळहळणारे बरेच भेटतात.

पाण्यातला धोका

बळींचा विचार केला, तर सहलीला आलेल्या माणसाला भिंतीपेक्षा पाण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. जलाशयाचा तळ नदीसारखा सलग उतरत नाही. खाली बुडालेली भातखाचरे असतात, त्यांचे बांध असतात, जुन्या विहिरी असतात. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला खाचराच्या बांधावरून खाली जातो. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर गाळ उघडा पडतो. वर भेगाळलेला आणि कोरडा, आत लोण्यासारखा. पाणी वेगाने उतरवले तर धरणाचा आतला उतारही घसरू शकतो, कारण भिंतीत मुरलेले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. अशा वेळी पिचिंगवर बसू नये. पानशेतला बोटिंग चालते. तिथे लाइफ जॅकेटचे पट्टे बांधलेले असावेत, ते नुसते गळ्यात अडकवलेले नसावे.

पावसाळ्यात धोका धरणाच्या खालच्या बाजूला सरकतो. विसर्ग वाढवण्याआधी भोंगा वाजतो आणि नदीकाठी सूचना जातात, तरी पुण्यात नदीपात्रात गाड्या लावलेल्या असतात आणि तिथला ठेंगणा भिडे पूल पाण्याखाली जाताना मोबाइलवर टिपायला गर्दी जमते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. धरणाला काहीही झालेले नव्हते.

देखरेख

राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला. आराखड्यात धरण फुटल्यास पाणी कुठवर आणि किती वेळात पोचेल याचे नकाशे असतात आणि खालच्या वस्त्यांना कोणी, कसे कळवायचे हे ठरवलेले असते. गावातली घरे मोजता येतात. पण खडकवासल्याच्या चौपाटीवर कांदाभजी खात उभी असलेली रविवार संध्याकाळची गर्दी सोमवारी तिथे नसते. तिला इशारा द्यायचा तर भोंगा, पोलिसांचा ध्वनिक्षेपक आणि टपरीवाले एवढेच हाताशी असतात. त्यांतल्या टपरीवाल्यांना पाण्याची चाल रोजच्या पाहण्यातून ठाऊक असते.