सीओपीडीतील श्वासनलिकादाहाचे निर्देशक

विडी-सिगारेटचा किंवा चुलीचा धूर, धूळ आणि रासायनिक वायू वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, तो आजार म्हणजे सीओपीडी. नलिका किती अरुंद झाल्या हे स्पायरोमेट्रीत फुंकून कळते. आतल्या अस्तराचा दाह कोणत्या जातीचा आहे, हे मात्र बेडका, रक्त आणि उच्छ्वास तपासूनच कळते. बहुतेक रुग्णांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा जोर असतो, काहींत इओसिनोफिल या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींचा. इनहेलरमधल्या स्टिरॉइडचा फायदा मुख्यतः दुसऱ्या गटाला होतो. पहिल्या गटाला फायदा थोडा, न्यूमोनियाचा धोका मात्र असतोच. म्हणून ही तपासणी महत्त्वाची.

नलिकांच्या सर्वांत जवळचा पुरावा बेडक्यात असतो. तो आपोआप पडत नसेल तर आधी श्वासनलिका रुंद करणारे सालब्युटामॉल देऊन स्पायरोमेट्री करतात. मग अल्ट्रासॉनिक नेब्युलायझरने, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्राने, 3, 4 आणि 5 टक्के मिठाचे पाणी क्रमाने, प्रत्येकी 5 ते 7 मिनिटे हुंगवतात. प्रत्येक टप्प्यानंतर रुग्णाला पुन्हा फुंकायला लावायचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 20 टक्क्यांनी घटली की तिथेच थांबायचे. आजार तीव्र असेल तर सुरुवात 0.9 टक्क्यापासून करावी. खोकल्यातून क्षयाचे जंतू पसरू शकतात, म्हणून बंदिस्त खोलीत हे करू नये.

बशीतल्या पातळ लाळेतून चिकट, घट्ट गोळे चिमट्याने वेचून घेतात. हे काम घाईत झाले तर काचपट्टीवर तोंडाच्या अस्तराच्या चपट्या पेशीच भरतात आणि मोजणी वाया जाते. नमुना साधारण 2 तासांत प्रक्रियेला घ्यावा, नाहीतर पेशी विरघळू लागतात. गोळे सुटे करायला डायथायोथ्रायटॉल वापरतात. त्याने प्रथिनांमधले गंधकाचे बंध तुटतात, त्यामुळे त्याच नमुन्यात सायटोकाइन (दाहाचे संदेश नेणारी प्रथिने) मोजली तर काहींचे आकडे फसवे येतात. चपट्या पेशी सोडून किमान 400 पेशी मोजाव्यात. त्यांत 3 टक्के किंवा अधिक इओसिनोफिल आढळले तर तो इओसिनोफिलिक दाह.

एवढा खटाटोप रोजच्या दवाखान्यात होत नाही, तिथे रक्ताच्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर भागवतात. अहवालात इओसिनोफिलची टक्केवारीच असेल तर गुणाकार करावा: दर मायक्रोलिटर रक्तात 8,000 पांढऱ्या पेशी, त्यांपैकी 4 टक्के म्हणजे 320. वारंवार आजार बळावणाऱ्या रुग्णात 300 किंवा जास्त आकडा इनहेलरमधल्या स्टिरॉइडच्या बाजूने, 100 पेक्षा कमी आकडा विरुद्ध, असे ‘गोल्ड’ (GOLD) या सीओपीडीवरील तज्ज्ञगटाचे जागतिक मार्गदर्शन आहे. 2024 मध्ये अमेरिकेत सीओपीडीसाठी मान्य झालेले डुपिलुमॅब हे इंजेक्शनही इओसिनोफिल वाढलेल्यांसाठीच आहे. पण आपल्याकडे जंत आणि फायलेरियानेही (हत्तीरोगाचे कृमी) हा आकडा चढतो, आणि नुकत्याच घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तो कोसळतो. एकाच अहवालावर निर्णय घेऊ नये.

उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड हा वायूही दाहाचा निर्देशक आहे, पण तो धूम्रपानाने खाली दबतो, त्यामुळे सीओपीडीत त्याचा उपयोग मर्यादित. सीआरपी आणि फायब्रिनोजेन ही रक्तातली प्रथिने दाह दाखवतात, पण तो फुप्फुसातलाच आहे असे सांगत नाहीत. दुखरा दात किंवा चिघळलेली जखमही सीआरपी वाढवते.