धूर सोपा, बर्फ अवघड

मिलिमीटर लहरी, म्हणजे काही मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी, तशा जुन्याच. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात त्यांवर प्रयोग केले होते. रडारवाल्यांना मात्र या लहरींनी आधी ठेचच दिली. दुसऱ्या महायुद्धात सव्वा सेंटिमीटर तरंगलांबीचं रडार बनवलं, ते नेमकं हवेतल्या बाष्पाच्या शोषणपट्ट्यात सापडलं आणि पल्ला घटला. पुढे ३५ आणि ९४ गिगाहर्ट्झच्या आसपास हवेत ‘खिडक्या’ आहेत, म्हणजे तिथे हवा लहर कमी शोषते, तिथूनच बघायचं, असं ठरत गेलं.

या लहरींची निकड आली १९७० च्या दशकात. रणगाडे हेरायला लेझर आणि अवरक्त (इन्फ्रारेड) यंत्रं आली होती, पण धुराचा पडदा सोडला की ती आंधळी व्हायची. धुराचा कण साधारण एक मायक्रोमीटरचा, ९४ गिगाहर्ट्झची लहर ३.२ मिलिमीटरची. तीन हजार पटींचा फरक. लहर त्या कणाची दखलच घेत नाही. स्फोटाने उडालेली ढेकळं तेवढी क्षणभर आड येतात. मग धूर सोडणाऱ्यांनीही लहर अडवायला तिच्या मापाने कापलेले कार्बनतंतू हवेत उधळायला घेतले. (त्याला धूर म्हणायचं का, हा प्रश्न वेगळा.)

बर्फाचं कोडं असं सहज सुटणारं नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराने व्हर्मॉन्ट राज्यात बर्फातून कितपत दिसतं याच्या ‘स्नो-वन’ चाचण्या घेतल्या. कोरडं बर्फ लहर फारसं शोषत नाही. ओल्या हिमकणांतलं पाणी शोषतं. पण माझ्या मते खरी मेख हवेत नव्हती, जमिनीवर होती.

बर्फाच्या मैदानात एक रणगाडा उभा आहे असं समजा. सकाळी बर्फ कोरडं असतं. लहर आत शिरते, कणाकणावर आपटून परत येते, आणि या प्रतिध्वनीच्या गलक्यात रणगाडा हरवतो. दुपारी उन्हाने वरचा थर जरासा पाझरला की पाणी लहर शोषतं, तो गलका एकदम ओसरतो आणि रणगाडा उठून दिसतो. रात्री तेच पाणी गोठून जाड दाणे होतात, गलका पुन्हा चढतो. रणगाडा जागचा हललेलाही नसतो. चालत्या गाडीचं बरं, डॉप्लरमुळे (हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते) ती वेगळी काढता येते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ७७ गिगाहर्ट्झचं रडार मोटारींत बसलं. तिथे बर्फाचा त्रास निराळाच: रडारच्या पुढच्या झाकणावर ओला राडा थापला गेला की लहर गाडीच्या नाकाशीच अडते.